त्यानंच मागं पाहावं म्हणून

माझ्या भाच्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. माझ्या माहेरी, सानगडीकडे, ते दुसऱ्या कोणाचंच नाही, अख्ख्या साकोली तालुक्यात नसेल. लिहिलं की लोक बोट दाखवून सांगतील, हा तोच. आणि त्या नावावरून मी जे वागले ते आता सांगायलाच बसले आहे, तर त्यातून निदान पोराला तरी वगळावं.

मी नाकाडोंगरीकडे अंगणवाडीत सेविका आहे. राग माझ्या नाकावर असतो आणि जिभेला हाड नाही, हे माझी माय मला परकर-पोलक्याच्या वयापासून सांगत आली. सासरी हीच जीभ उपयोगी पडली, म्हणून मी तिला कधी आवर घातला नाही.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मग संक्रांतीच्या तोंडावर त्याचा फोन आला, मुलगा झाला म्हणून. मी अंगणवाडीतल्या पोरांना तिळगुळाऐवजी पेढे वाटले. बाळाचं नाव ठेवण्याचा मान आत्याचा. आमच्याकडे तरी पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात पहिलं नाव सांगते ती आत्याच. मला नाव शोधायचं नव्हतं, ते माझ्याजवळ होतंच. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हाच मी ते मनात ठेवलं होतं. मला दोन्ही मुली झाल्या आणि ते तसंच राहून गेलं. साधं होतं, देवाचं, दर तिसऱ्या घरात सापडेल असं. पण माझं होतं.

बारशाच्या चार दिवस आधी मी भावाला फोन करून ते सांगितलं.  तो म्हणाला, "बाई, नाव ठरलं. फोनवर पाहून पाहून काढलं आमी दोघांनी. जन्माच्या दाखल्यावरबी लिहून झालं."

त्यानं ते नाव सांगितलं. मी दोनदा विचारलं तरी मला नीट म्हणता येईना.

"असं कसं नाव रे? मायले त म्हनताबी येनार नाही."

"मुद्दाम असं ठेवलं, बाई. माह्या वर्गात माह्या नावाचे चार पोट्टे होते. मास्तरनं आवाज देला का चौघं उभे. गावात मले आजबी 'तिसरा' म्हनतेत. माह्या पोराले आवाज देला त त्यानंच मांगं पाहावं. दुसऱ्या कोनी नाही."

 माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, सगळं तुमीच ठरवलं त मले कायले बोलावता, पाळना हालवाले? आणि फोन ठेवला.

तरी गेले. न जाऊन चालणारच नव्हतं, गावात चर्चा झाली असती. तुमसरहून साकोली, साकोलीहून सानगडी, मांडीवर झबल्या-टोपड्यांची पिशवी घेऊन. घरात शिरले तर समोरच्या भिंतीवर सोनेरी कागदाची अक्षरं कापून ते नाव आधीच चिकटवलेलं. शेजारच्या बाया कौतुकानं वाचत होत्या आणि अर्ध्यावर अडकून हसत होत्या. भावजय माझ्या पाया पडली. मी "असू दे, असू दे" म्हटलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

पाळण्याशी वाकले. बायांनी चालीप्रमाणे माझ्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. पोर जागं होतं, काळ्याभोर डोळ्यांनी माझ्या नथीकडे पाहत होतं. मी त्याच्या कानाला तोंड लावलं आणि मी जपून ठेवलेलं नाव सांगितलं. माझंच. तीनदा. मग सरळ उभी राहिले आणि भिंतीवर पाहून त्यांचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पहिलं नाव जे कानात पडलं तेच खरं, बाकी तुम्ही भिंती रंगवा.

त्यानंतर मी माहेरी पाऊल टाकलं नाही. उन्हाळ्यात मुलीची परीक्षा, मग पाण्याची टंचाई, मग अंगणवाडीचे कागद. कारणं माझ्याजवळ ढीगभर होती. माय फोनवर म्हणायची, तुझा बाबू मोठा झाला, येऊन पाहून जा. तिलाही ते नाव म्हणता येत नव्हतं, ती बाबूच म्हणायची. शेजारचे राजा म्हणायचे, कोणी गोलू म्हणायचे. मला आतून गंमत वाटायची की एवढ्या हौसेनं ठेवलेलं नाव कोणाच्याच तोंडी नाही.

जुलैत, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, भावजयीचा फोन आला. ती मला फोन करत नसे, माझ्याशी बोलायला ती घाबरते. म्हणाली, "बाई, तुमी एकदा या ना. याले आवाज देला त हा पाहातच नाही. सगळे म्हनतेत, लहान हाये अजून. तुमी रोज लेकरं पाहाता. तुमी एखादा आवाज देऊन पाहा ना."

मी अंगणवाडीतच बसले होते. समोरच्या कपाटात खुळखुळा होता. सहा महिन्यांचं लेकरू आवाजाकडे मान वळवतं का, हे त्याच खुळखुळ्यानं मी गावातल्या प्रत्येक बाळाचं पाहत आले. तिचं वाक्य दुसऱ्या कोणत्याही आईच्या तोंडून ऐकलं असतं तर मी चप्पल घालून निघाले असते.

मी म्हटलं, "असं नाव ठेवल्यावर कोन पाहील? त्याले वाटत असंन, दुसऱ्याच कोनाले बोलावून राहिले."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पलीकडून ती थोडंसं हसली, हसायला पाहिजे म्हणून. मग "बरं बाई" म्हणाली. राखी मी पोस्टानं पाठवली.

दिवाळीनंतर माहेरी गावची मंडई, म्हणजे जत्रा असते. मायनं निरोप पाठवला की यंदा आली नाहीस तर मी मेल्यावरच ये. म्हणून गेले. पोर दहा महिन्यांचं झालं होतं, गोरंपान, अंगानं भरलेलं. मला पाहून ते आपणहून माझ्याकडे झेपावलं तेव्हा माझा अर्धा राग तिथंच गेला. मी त्याला खांद्यावर टाकून मंडईत फिरवलं. दंडारीचं नाचगाणं रंगात आलं होतं, ढोलकी आणि टाळ आमच्यापासून चार हातांवर वाजत होते, वर भोंगा. आजूबाजूची लेकरं कानावर हात ठेवून रडत होती. आमचं पोर माझ्या खांद्यावर गाढ झोपलं होतं. एक बाई म्हणाली, किती शांत लेकरू आहे तुमचं. मी मात्र त्याच्या कानांकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ धान कापणीच्या मजुरांकडे गेला, भावजय विहिरीवर. पोर ओसरीवर पाठमोरं बसून चमच्याशी खेळत होतं. मी मागून टाळी वाजवली, मग स्टीलची थाळी आपटली. माय आतून ओरडली, काय पडलं म्हणून. पोरानं मान हलवली नाही. मी त्याला त्याच्या नावानं हाक मारली, ते अवघड नाव अडखळत, मोठ्यानं. काही नाही.

मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी त्याच्या अगदी मागं जाऊन बसले आणि माझं नाव म्हटलं, बारशाला कानात सांगितलेलं. क्षणभर माझ्या मनात खरंच असं आलं की यावर तो पाहील. त्या नावाचा मान मोठा असेल, आत्याचं पहिलं नाव त्याच्या कानात बसलं असेल. तो चमचा चोखत राहिला. मी ते पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि मग मला कळलं की ते नाव त्याच्या कानात कधी गेलंच नव्हतं. माझंही नाही, त्यांचंही नाही. आम्ही ज्या नावासाठी भांडलो, ते ज्याचं होतं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी तिथंच बसून रडले. पोरानं वळून मला पाहिलं ते माझ्या हलण्यानं, आवाजानं नाही.

भाऊ जेवायला आला तेव्हा त्याला सांगितलं. त्यानं ताट सरकवलं. "बाई, अजून नावाचा राग गेला नाही काय तुह्या मनातून? माह्या पोरात खोट काढून राहिली?"

  मी त्याच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. गेलं वर्षभर मी तेच तर करत होते.

भावजय चुलीजवळ उभी होती. हळूच म्हणाली, "बाई खरं सांगून राहिल्या. मले पयलेच समजलं होतं." माझ्या त्या फोनवरच्या उत्तराबद्दल तिनं नवऱ्याला अवाक्षर सांगितलं नाही.

नागपूरला नेलं. पोराला झोपवून डोक्याला तारा लावून तपासलं. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, जन्मापासूनच. डॉक्टरीणबाई स्वभावानं चांगल्या होत्या, कोणाला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की हे जितक्या लवकर कळेल तितकं बरं असतं, आणखी चार-पाच महिने आधी आणलं असतं तर बोलायला सोपं गेलं असतं. भाऊ मान हलवत होता. मी खिडकीबाहेर पाहत होते. चार-पाच महिने म्हणजे कोणता महिना, ते तिथं फक्त मला आणि भावजयीला माहीत होतं.

दोन्ही कानांमागं यंत्रं बसवली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की आता घरात बाबू, राजा, गोलू काही चालणार नाही. सगळ्यांनी एकाच नावानं हाक मारायची, रोज, तोंड न दाखवता, मागून. ते नाव त्याला ओळखू येईपर्यंत. म्हणजे तेच नाव. माझी सत्तरीची माय तांदूळ निवडता निवडता ते तुकड्या-तुकड्यानं पाठ करू लागली. मी दर रविवारी दोन एसट्या बदलून जाऊ लागले.

अशाच एका रविवारी, सुपात तांदूळ घेऊन आम्ही दोघीच बसलो होतो तेव्हा मी भावजयीला बारशाचं सांगून टाकलं. मी कानात दुसरंच नाव सांगितलं होतं, म्हणून. वाटलं, ती चिडेल, मग मला थोडं हलकं वाटेल.

ती खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "थे जाऊ द्या, बाई. त्यानं तुमचंबी आयकलं नाही, आमचंबी नाही. नावाचा मले राग नाही." मग सूप हलवत म्हणाली, "मी फोन केला होता. थेव्हा तुमी यायले पाहिजे होतं."

मी हो म्हटलं. 

सातवा की आठवा रविवार असेल. अंगणात शेजारची तीन-चार लेकरं जमली होती, पोर त्यांच्यात पाठमोरं बसून माती उकरत होतं. मी एसटीतून उतरून तशीच आले, पिशवी हातात. फाटकाशी उभी राहून मी त्याला हाक मारली. नाव आता मला येतं, तरी शेवटाकडे जीभ अडखळते. बाकीच्या लेकरांपैकी कोणी मान वर केली नाही, ते नाव त्यांच्यातल्या कोणाचंच नव्हतं. त्यानं हातातली माती टाकली आणि मागं पाहिलं.

त्यानं एकट्यानंच पाहिलं. भावाला हवं होतं तसं. पिशवी माझ्या हातून खाली पडली आणि मी ती उचलली नाही.

भावजय दारात आली होती. तिचे हात पिठानं भरले होते, डोळे भरून आले होते. म्हणाली, "बाई, आनखी एकदा आवाज देऊन पाहा ना."

जुलैतही तिनं माझ्याकडे एवढंच मागितलं होतं.