कनीजबाईंनी फोटो दिला नाही

कनीजबाई चंद्रपूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहेत. रानातल्या सात्या, म्हणजे वारुळावर उगवणारी खायची अळंबी, थंड पाण्यात वाटून त्यातलं प्रोटीन वेगळं काढायचं, हे त्यांचं काम. दोन किलोतून चिमूटभर निघतं. त्या चिमटीनं काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मरतात. पुढचं अजून कोणालाच ठाऊक नाही.

त्यांचा दीर जाहिद मात्र पोंभुर्ण्याच्या बाजारात भाजलेल्या अळंबीची पूड "शुगर, कॅन्सर गायब" म्हणून विकतो. परवा तो घरी आला.

"भाभी, पाकिटावर लॅबच्या कोटातला तुमचा फोटो छापतो."

"भाजल्यावर त्या प्रोटीनचं काय राह्यते रे? अन् बशीतल्या पेशी तं फिनाइलनंही मरतात. मंग फिनाइल काऊन नाई विकत?"

"लोक घेऊन राह्यले ना!"

"लोकायले तू सांगतलं, म्हणून."

बाजाराच्या दिवशी कनीजबाई स्वतः पोंभुर्ण्याला गेल्या. जाहिदच्या दुकानासमोर पुडीचं पाकीट घेतलेली चंदाबाई नावाची एक गिऱ्हाईक भेटली. पूड सुरू केल्यापासून तिनं शुगरच्या गोळ्या सोडल्या होत्या, पायाची जखम भरत नव्हती. कनीजबाईंनी तिच्या हातातलं पाकीट जाहिदपुढं फेकलं आणि तिला हात धरून सरकारी दवाखान्यात नेलं.

जाहिद आता त्यांच्याशी बोलत नाही. कनीजबाईंना त्यात तोटा दिसत नाही.