लंडनचा चहा आणि चार ट्रे खारी

चार वाजून बारा मिनिटांनी पहिला स्कोन कपात बुडाला.

मी किचनच्या दाराला असलेल्या गोल काचेतून बघत होतो. पद्मामॅडमच्या सासूबाईंनी स्कोन उचलला, चहात बुडवला आणि तोंडाकडं नेला. हातात नुसती कड राहिली, बाकीचा सगळा तळाशी. म्हातारी कपात वाकून बघत म्हणाली, "अय्यो, पडलं की आत!"

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. खोटं कशाला बोलू?

आधी मी कोण ते सांगतो. सोलापुरातल्या एका हॉटेलात मी पंचवीस वर्षं बेकरी सांभाळतोय. कॉलेजात काही शिकलो नाही. सांगोल्याकडनं आलो, एका बेकरीत उस्तादांच्या हाताखाली भट्टीपुढं उभा राहिलो, ते अजून उभाच आहे. सगळे मला मास्तर म्हणतात. बेकरीतला मास्तर म्हणजे ज्याच्या शब्दाशिवाय पीठ मळलं जात नाही आणि ट्रे बाहेर जात नाही तो माणूस.

आणि अश्विनी म्हणजे माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी. हॉटेल मॅनेजमेंटला असताना सहा महिने ट्रेनिंगला आली होती. लाटणं कसं धरायचं इथपासून मी तिला शिकवलं. नंतर ती परदेशी प्रवासी जहाजावर नोकरीला लागली. सहा वर्षांनी परत आली ती पेस्ट्री शेफ होऊन. पांढरा कोट, त्यावर निळ्या दोऱ्यानं नाव भरलेलं. माझ्या कोटावर पंचवीस वर्षांत कुणी नाव भरलं नव्हतं. मला पहिल्या दिवशीच ते नाव डोळ्यात खुपलं.

आमच्या मालकांना आम्ही अप्पा म्हणतो. मूळचे दुधनीचे. चिडले की अर्धं वाक्य कानडीत जातं. त्यांनी तिला तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं आणि मला म्हणाले, "मास्तर, पोरगी जग बघून आलीय. जरा नवीन काहीतरी करू की."

नवीन म्हणजे काय, तर काउंटरवरची खारी बंद. माझी खारी! लोक स्टेशनवरनं उतरून आधी खारी घ्यायचे, मग घरी जायचे. तिच्या जागी काचेच्या कपात कसलंतरी हिरवं पुडिंग येऊन बसलं. मी तोंडानं "बरं" म्हणलं आणि दोन महिने आतल्या आत जळत राहिलो.

मग पद्मामॅडमची ऑर्डर आली. त्यांचा टॉवेलचा कारखाना. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून चाळीस बायकांची पार्टी. त्यांची मुलगी लंडनला असते. तिनं फोनवरनं ठरवून टाकलं की आफ्टरनून टी करायचा. इंग्रज लोक दुपारी चारला चहाबरोबर थोडंथोडं खातात. तीन मजली स्टँड असतो. खाली छोटी सँडविचं, मधे स्कोन, वर गोड. स्कोन म्हणजे पाव आणि बिस्किट यांच्या मधलं काहीतरी. बाहेरनं किंचित कडक, आत मऊ. हातानं उघडायचा, त्यावर दाट साय आणि जॅम लावायचा आणि खायचा. चहा वेगळा प्यायचा.

अश्विनी म्हणाली, "नुसतं इंग्लंड नको. जगातल्या चवी घालू."

आणि घातल्या की तिनं. स्कोनमधे अरबी मसाला, त्याला झातार म्हणतात, त्यात तीळ आणि एक आंबट लाल पूड असते. काकडीच्या सँडविचला कोरियन तिखट. चॉकलेटमधे मेक्सिकोची मिरची. एका वाटीत थायलंडचं लेमनग्रास घातलेली नारळाची खीर. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा, माझ्या घरामागं माजलाय. पण तिच्या हातातनं तो थायलंडचा होऊन आला आणि अप्पांनी डोळे मिटून चाखला. म्हणाले, "वा वा वा."

तीनदा वा! मला पंचवीस वर्षांत मिळून तेवढे मिळाले नसतील.

चव चांगली होती. हे सांगताना आजही जीभ जड होते, पण होती चांगली. तो तिळाचा स्कोन मी चोरून दोन खाल्ले. म्हणून तर जास्त झोंबलं. वाईट असता तर मी सुखानं झोपलो असतो.

अप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ही पार्टी नीट झाली तर अश्विनी पर्मनंट. दर रविवारी असाच हाय टी चालू करू, पेस्ट्रीची हेड ती. नाही झाली तर प्रोबेशन संपलं की रामराम." म्हणजे तिची नोकरी टांगणीला होती आणि माझी खुर्चीही. नीट झाली तर मी तिच्या हाताखाली.

पार्टीच्या दोन दिवस आधी ट्रायल झाली. सगळे जेवायला गेल्यावर मी गॅसपाशी माझा चहा घेऊन उभा होतो. समोर एक स्कोन उरला होता. हात आपोआप गेला. बुडवला. एक, दोन, आणि तीन म्हणायच्या आत निम्मा स्कोन चहात. मी बघतच राहिलो.

सोलापुरात चहाशेजारी ठेवलेली वस्तू बुडवली जाते. खारी, टोस्ट, बटर, ग्लुकोजचं बिस्किट, शिळी चपातीसुद्धा. आमच्या धंद्याची निम्मी अक्कल एवढीच की माल चहात किती वेळ टिकतो. म्हणून तर टोस्ट दोनदा भाजतात. एकदा पाव म्हणून, मग कापून पुन्हा, आतलं पाणी पार जाईपर्यंत. स्कोन मऊ, एकदाच भाजलेला. आणि पद्मामॅडमनी सांगितलं होतं की चहा आपलाच हवा, दूध घालून उकळलेला, मोठ्या कपात.

अश्विनी इथलीच. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. पण सहा वर्षं जहाजावर तिनं ज्यांना खाऊ घातलं ते बुडवत नव्हते. विसरली.

मला एवढंच करायचं होतं. हाक मारायची, "अश्विनी, हितं ये, हे बघ." नाही मारली. तो कप मी बेसिनमधे ओतला आणि नळ सोडला.

पार्टीच्या दिवशी मी सकाळी सहाला आलो. ती दहाला यायची. मैदा भिजवला, तूप लावलं, घड्या घातल्या, फ्रीजमधे विसावा दिला, पुन्हा घड्या. ती यायच्या आत चार ट्रे खारी भाजून, पत्र्याच्या डब्यात भरून स्टोअरमधे पोत्यांमागं ठेवली. डाव साधा होता. तिचे स्कोन बुडणार, अप्पांची धावपळ होणार आणि मी खारी घेऊन बाहेर येणार. तेवढ्यासाठी मी कितीदा मनात मांडे खाल्ले असतील!

साडेदहाला ती माझ्याकडं आली. हातात मेनूचा कागद.

"मास्तर, तुम्ही इथल्या लोकांना पंचवीस वर्षं खाऊ घालताय. एकदा बघा ना. काही राहिलंय का? काही चुकतंय?"

मी कागद घेतला. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला.

"झकास हाय," म्हणलं. "खोट काढायला जागा न्हाय."

ती हसली. "तुम्ही म्हणालात म्हणजे झालं."

तर चार वाजून बारा मिनिटं. सासूबाईंचा पहिला. मग शेजारच्या बाईंचा. मग एका टेबलावर तिघींचे एकदम. बायका चमच्यानं कपात मासे धरल्यागत शोधायला लागल्या, हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "लंडनचा गाळ आलाय बघा चहात!" पद्मामॅडमचा चेहरा उतरला. पार्टीसाठी लंडनहून आलेली मुलगी सगळ्यांना सांगत फिरत होती, "बुडवायचं नाही, बुडवायचं नाही," पण चाळीस बायकांचे हात एवढ्यानं थांबतात होय?

अश्विनी माझ्या शेजारी येऊन काचेतून बघत होती. कोटाची खालची कड दोन्ही हातांनी पिळत होती.

अप्पा आत आले. "एन्‌ री हे! मास्तर, हे काय चाललंय? काहीतरी करा की!"

"बघतो, अप्पा," म्हणलं. अगदी शांतपणे.

डबे आणले, ट्रे गरम ओव्हनमधे दोन मिनिटं धरले, आणि खारी बाहेर गेली. काय सांगू, टाळ्या वाजल्या हो! सासूबाईंनी खारी बुडवली, अख्खी तोंडात गेली. मान हलवत म्हणाल्या, "आता कसं!" पद्मामॅडम स्वतः दारापर्यंत येऊन मला थँक्यू म्हणाल्या. माझी छाती फुगली, डोक्यावरची टोपी दोनदा सरळ केली.

आत आलो तर अश्विनी ट्रेपाशी उभी. हातात खारीचा एक तुकडा. तिनं तो मोडला, आतले पदर बघितले, बोटानं चुरा केला.

"आजचीच आहे," ती म्हणाली.

"व्हय. ताजी हाय."

"खारीला चार तास लागतात, मास्तर. घडी, विसावा, घडी, विसावा. तुम्हीच शिकवलंय." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "स्कोन बुडायला लागून वीस मिनिटं झालीत."

"मी तुम्हाला विचारलं होतं. माझी नोकरी जाणार होती आणि तुम्ही सकाळपासून खारी लाटत होता. आई इथं एकटी आहे म्हणून जहाज सोडून आलेय मी. कुठं जाणार होते?"

मी ओटा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

सहा वाजता पार्टी संपली आणि अप्पा आत आले. मला खांद्यावर थाप, "मास्तर, अब्रू वाचवली तुम्ही! वीस मिनिटांत खारी!" त्यांना बेकरीतलं काही कळत नाही. मग तिच्याकडं वळले. "आणि तू गं? सोलापुरात राहून साधं कळत नाही लोक चहा कसा पितात? हितल्या जाणत्या माणसाला एकदा विचारावं तरी की नाही?"

मला वाटलं, आता ती सांगणार. मी मनातल्या मनात उत्तरंही जुळवली. मला काय माहीत, मी आपली सहज केली होती खारी.

ती म्हणाली, "चूक माझी आहे, अप्पा. मी कुणाला विचारलं नाही."

आता इथं सज्जन माणूस विरघळला असता. मी सज्जन नव्हे. मला त्या क्षणी काय वाटलं ते जसंच्या तसं सांगतो. आधी कोटावरचं नाव, मग तीन वेळा वा, आणि आता हा मोठेपणासुद्धा तिचाच? ही माझ्यावर उपकार करून, मान ताठ ठेवून जाणार, आणि मी जन्मभर तिच्या मेहेरबानीवर राहणार? माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"खोटं बोलतीय ती," मी म्हणलं. "तिनं मला विचारलं होतं. मला परवापासनं माहीत होतं. मी सांगितलं न्हाय."

अप्पा माझ्याकडं वळले. "आणि खारी?"

"सकाळी सहाला येऊन केली."

"म्हणजे पोरीला पाडायचं म्हणून माझ्या चाळीस पाहुण्या तुम्ही पणाला लावल्या?"

"व्हय."

मला वाटलं होतं, खरं बोलल्याबद्दल माणूस थोडा तरी नरमेल. अप्पा नरमले नाहीत. कानडीत काहीतरी बोलले ते मला कळलं नाही, तेच बरं. मग मराठीत म्हणाले, "उद्यापासनं पेस्ट्री आणि बेकरी, दोन्ही तिच्याकडं. तुम्हाला तिच्या हाताखाली राहायचं असेल तर राहा. नसेल तर गेट उघडं आहे."

अश्विनीनं थँक्यू म्हणलं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पन्नाशी उलटली, आता तरी दुसऱ्याचं बघून पोटात दुखायचं थांबवा." दोन दिवस रजा काढली. तिसऱ्या दिवशी गेलो. या वयात नवी भट्टी कोण देतंय?

आता दर रविवारी हाय टी असतो. अश्विनीनं स्कोन लहान केलाय, मधोमध कापून दुसऱ्यांदा भाजते. चहात टिकतो. खारीही परत आली, पण तिच्यावर आता झातार असतो. खारी माझी, घड्या माझ्या, आणि लोक विचारतात, "त्या शेफ मॅडमची तिळाची खारी आहे का?" मी आहे म्हणतो आणि आत येऊन ओव्हनचं दार जरा जोरात लावतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार.

धंद्यातली एक गोष्ट मात्र पक्की कळली. आपल्याला माहीत असलेलं पार्टीच्या आधी सांगितलं तर त्याला सल्ला म्हणतात आणि पार्टीनंतर सांगितलं तर कबुली. दोन्हीला शब्द तेवढेच लागतात. मला तर ट्रायलच्या दिवशी नुसती एक हाक मारायची होती. नाही मारली. आता माझा प्रत्येक ट्रे बाहेर जायच्या आधी ती तपासते.