आत्याचा पुढचा प्रश्न

माझी आत्या विधिमंडळात लघुलेखक होती. प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्र्यांनी गुळमुळीत उत्तर दिलं, की आमदार लगेच उपप्रश्न टाकायचे आणि आत्या शब्दन् शब्द टिपायची. तिला स्वतःला मात्र तिथे चकार शब्द काढता येत नसे. त्याचं उट्टं ती घरी काढायची.

स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला की तिचे यजमान, आमचे काका, म्हणायचे, "बघतो."

आत्या खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीतून कडाडायची, "अहो, बघतो हे काय उत्तर झालं? बघतो म्हणजे कधी? मागच्या खेपेला बघितलंत, त्याचं काय झालं?"

"माहिती घेण्याचं काम चालू आहे, बाईसाहेब," काका हात जोडायचे.

"मग पाना कुठाय?"

आम्ही पोरं हसून हसून लोळायचो. काका मुकाट्याने पाना शोधायला उठायचे. असं खमकं माणूस घराघरात हवं, असं मला अजून वाटतं.

आत्या जाऊन वर्ष झालं. परवा काकांकडे गेलो, तर नळ टपटपत होता.

"काका, नळ गळतोय," मी म्हणालो.

"बघतो," काका म्हणाले, आणि तिच्या खुर्चीकडे बघत पुढच्या प्रश्नासाठी थांबले.