पाहाबाई

मावशीला "कात्री कुठे आहे?" असं विचारायची सोय नव्हती. ती उलट विचारायची, "कशाला हवीय?" कापडाची असेल तर शिवणाच्या डब्यात, कागदाची असेल तर टेबलाच्या खणात, नखांची असेल तर न्हाणीघरातल्या फळीवर. "अगं, कुठलीही दे ना!" म्हटलं की तिचा पारा चढायचा. "कुठलीही कात्री जगात नसते," असं म्हणत ती स्वतः उठायची आणि नेमकी हवी तीच आणून हातात ठेवायची. लहानपणी मला हा छळ वाटायचा. आता माझ्या घरात कात्री सापडत नाही तेव्हा मावशी आठवते. कात्री तरीही सापडत नाही, ते वेगळं.

मावशी सार्वजनिक वाचनालयात होती. पुस्तकं द्यायच्या-घ्यायच्या खिडकीवर नाही, मागच्या खोलीत. नवं पुस्तक आलं की ते कुठल्या विषयाचं हे ठरवायचं, त्याचं कार्ड लिहायचं आणि लाकडी कपाटाच्या खणात त्याच्या जागी सळईत ओवायचं, हे तिचं काम. ऐकायला काय, सोपं वाटतं! पण माणूस विषय घेऊन येत नाही, स्वतःची अडचण घेऊन येतो. कुणी विचारायचं, "रात्री झोप येत नाही, त्यावर काही आहे का हो?" पुस्तक बसलेलं 'निद्रानाश' या शब्दाखाली. त्या बिचाऱ्याला हा शब्द ठाऊक असता तर तो विचारत कशाला बसला असता? मग मावशीनं कार्ड लिहिलं: 'झोप येत नाही. पाहा: निद्रानाश.' मग 'कोंबड्या. पाहा: कुक्कुटपालन.' मग 'दारात वाळवी. पाहा: कीटकनियंत्रण.' एकदा ग्रंथपालांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, 'झोप येत नाही' हा काय विषय झाला?" मावशी म्हणाली, "साहेब, ज्याला येत नाही त्याला विचारा." ग्रंथपाल चांगला माणूस होता, हसला आणि गेला. कार्ड राहिलं. तेव्हापासून वाचनालयात तिचं नाव पाहाबाई पडलं.

तिचा एकच नियम होता, आणि तो तिनं आम्हांला पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता. वस्तूची जागा एक, वाटा हव्या तेवढ्या.

वाटा मात्र ती माणूस बघून आखायची. मागच्या खोलीत नोकरमंडळींसाठी भिंतभर एक झाड काढलेलं होतं: खोडावर मोठे विषय, फांद्यांवर त्यातले लहान, डहाळ्यांवर आणखी लहान. त्यात देवमासा सस्तन प्राण्यांच्या फांदीवर. बाहेर वाचकांसाठी तेच शब्द अकारविल्हे, 'द'च्या खणात देवमासा. आणि मुलांच्या कोपऱ्यात, त्यांच्या हाताला येईल इतक्या खाली, नुसती चित्रं: पाण्यातले, झाडावरचे, जमिनीखालचे. तिथे देवमासा सरळ पाण्यात पोहत होता. मी शिंगं फुटलेल्या वयाची, म्हटलं, "मावशी, हे चूक आहे. तो मासा नाही." ती म्हणाली, "मी कुठे म्हटलं मासा आहे? पाण्यात आहे म्हटलं. पोरं त्याला पाण्यात शोधणार. सापडला की मग पुस्तकच सांगेल तो कोण ते."

असा तक्ता करायच्या आधी ती हातात फडकं घेऊन कपाटं पुसायचं सोंग करत वाचकांच्या मागे उभी राहायची. कुणाचा हात आधी कुठल्या खणाकडे जातो, कोण कुठे अडतो, कोण वैतागून निघून जातो, सगळं बघायची. वाचनालयातली कपाटं त्यामुळे लख्ख असायची.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, बसचे कंडक्टर. दोन टोकं नुसती! ही मोजूनमापून बोलणार, आणि ते एकदा सुरू झाले की गाडी आगारात लागेपर्यंत थांबायचे नाहीत. प्रवासी काय म्हणाला, ड्रायव्हर काय म्हणाला, शेळी घेऊन चढलेल्या म्हातारीला त्यांनी काय उत्तर दिलं. मावशीची टिंगल करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. "पाहाबाई, आमचा चष्मा कुठल्या विषयात गेला?" "पाहाबाई, नवरा या शब्दाखाली काय लिहिलंय? पाहा: कटकट?" ती वर न बघता म्हणायची, "कटकट वेगळी, नवरा वेगळा. पण दोघं एकाच खणात." आणि मग दोघंही हसायचे. खिडकीशी दोन खुर्च्या, मध्ये चहाचे दोन कप, आणि काकांचा तो गडगडाट. त्या घरात मला कधी कंटाळा आला नाही.

दोघं निवृत्त झाली. वाचनालयात कॉम्प्युटर आला आणि कार्डं रद्दीत निघाली, तेव्हा मावशी रिक्षा करून गेली आणि पाठकोरी कार्डं पिशव्या भरभरून घरी घेऊन आली. खालच्या बाजूला सळईसाठी भोक पाडलेली ती जाड पिवळट कार्डं. काका म्हणाले, "आता घरात आपण राहायचं की कार्डांनी?" त्यांचं असं खुसखुशीत बोलणं मी ऐकलं ते बहुधा शेवटचंच.

एका सकाळी दाढी करता करता काका खाली बसले. जीव वाचला, उजवा हात थोडा लुळा पडला, आणि बोलणं गेलं. एक तेवढं 'चला' राहिलं. पाणी हवं, 'चला'. दुखतंय, 'चला'. राग आला तरी 'चला', फक्त मोठ्यानं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांना सगळं समजतं. शब्द आत आहेत, पण हाताला लागत नाहीत. त्यांनी प्रयत्न सोडला नाही तर काही परत येतील. सोडला, तर मात्र कठीण आहे." मावशीनं शांतपणे मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "पुस्तकं जाग्यावर आहेत गं. कार्डं विस्कटलीत." आणि तिथेच, दवाखान्याच्या पायरीवर, रडली. तिला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. मी दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, म्हणून रोज जायचे. काका भिंतीकडे तोंड करून पडायला लागले होते. जेवायला हाक मारली तर डोळे मिटायचे. ज्या माणसानं आयुष्यभर तोंडाचा पट्टा थांबवला नाही, त्याला एका शब्दासाठी झटावं लागतं, ही लाज त्यांना सोसवत नव्हती. ते प्रयत्न सोडत होते, ते आम्हां दोघींना दिसत होतं.

मावशीनं कार्डं काढली. हातानं दाखवून मागता यावं म्हणून तिनं आधी काय करावं? झाड! वर 'खाणं-पिणं', त्याखाली 'पिणं', त्याखाली 'गरम', त्याखाली चहा. काकांनी दोन फांद्यांपर्यंत बोट नेलं आणि कार्डं भिरकावून दिली. मी म्हटलं, "मावशी, तुझ्या झाडावर चढता चढता माणूस तहानेनं मरेल." तिला राग आला, पण झाड उतरवलं. मग अकारविल्हे. सुंदर अक्षरात अ पासून ज्ञ पर्यंत. काका त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मावशी मटकन खुर्चीत बसली. "काय मूर्ख बाई आहे मी," ती म्हणाली. "ज्याचा शब्दच हरवलाय, त्याला मी पहिलं अक्षर विचारतेय!" जन्मभर हेच काम केलं होतं, म्हणूनच तिची ही चूक झाली. दुसऱ्या कुणी नुसती चित्रं काढून भिंतीला डकवली असती.

मग तिनं फडकं घेतलं. खरंच. आठवडाभर ती कपाटं, खिडक्या, पलंगाचे पाय पुसत राहिली आणि काकांकडे बघत राहिली. एक दिवस मला म्हणाली, "बघ, त्यांचं बोट चादरीवर सरळ रेघ ओढतं. मध्ये थांबतं, परत पुढे जातं. त्यांच्या डोक्यात झाड नाही गं. त्यांच्या डोक्यात रस्ता आहे."

तिनं पलंगापासून दारापर्यंत भिंतीवर पुठ्ठ्याचा लांब पट्टा ठोकला आणि त्यावर थांबे काढले. पलंग, न्हाणीघर, ओटा, खिडकी, दार. प्रत्येक थांब्यावर खिळे, आणि खिळ्यांवर त्या त्या ठिकाणी लागणाऱ्या गोष्टींची कार्डं, चित्रं काढून, खाली मोठ्या अक्षरात नाव. पलंगाशी उशी, गोळी, पाय चेपणं. ओट्याशी चहा, पाणी, भूक. दाराशी चप्पल, न्हावी, शेजारचे मास्तर आणि मी. काकांनी ते पाहिलं. उठून बसले. डावं बोट पहिल्या थांब्यावर ठेवलं, म्हणाले, "चला," आणि निघाले. ओट्याशी थांबून त्यांनी चहाचं कार्ड काढलं आणि मावशीच्या हातात तिकीट द्यावं तसं दिलं. मावशीनं चहात दोनदा साखर घातली, इतकी ती गोंधळली होती. काकांनी तो तसाच पिऊन टाकला.

महिन्याभरात 'चहा' तोंडातून फुटला, मग 'पाणी', मग 'मास्तर'. पण एक काटा राहिला होता. रोज सगळा रस्ता फिरून झाला की काका दाराच्या थांब्याशी उभे राहायचे आणि पट्ट्यावर थाप मारायचे. "अं हं. अं हं." काहीतरी नव्हतं. मावशीनं स्वेटर लावला, रेडिओ लावला, वर्तमानपत्र लावलं. थाप चालूच. हळूहळू ते शेवटच्या थांब्यापर्यंत जाईनात, मग मधूनच परत फिरायला लागले, आणि एक दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड. मावशी म्हणाली, "माझं काय चुकतंय गं?" तिनं थांब्यांची जागा बदलली, अक्षरं मोठी केली. शेवटी तिनं हात टेकले.

त्यातच तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. ती दवाखान्यात गेली आणि घरात मी राहिले. मावशी गेली तसे काका बेचैन. पलंगावरून उठले आणि स्वतःच रस्त्याला लागले. पलंगाशी थांबले, प्रत्येक कार्ड चाचपलं, मान हलवली. न्हाणीघराशी तेच. ओट्याशी तेच. खिडकीच्या थांब्याशी चहाच्या दोन कपांचं चित्र होतं, तिथे ते फार वेळ उभे राहिले. मग वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या रिकाम्या खुर्चीवर थाप मारली.

अरे देवा! काखेत कळसा नि गावाला वळसा. पट्ट्यावर न्हावी होता, मास्तर होते, मी होते. मावशी नव्हती. ती रोज पट्ट्याच्या शेजारी उभी असायची, तिला कार्ड लागेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. जगातल्या सगळ्या गोष्टींची कार्डं करणाऱ्या बाईनं स्वतःचं केलं नव्हतं.

"मावशी? काका, मावशी हवीय का तुम्हांला?" त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि ते हमसाहमशी रडले. मीही रडले, लाजू कशाला? मग एक कार्ड घेतलं. मला चित्र काढता येत नाही. गोल तोंड, जाड चष्मा, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. खाली लिहिलं, 'पाहाबाई'. काकांनी चित्र बघितलं आणि आजारानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसले. चित्र होतंच तसं.

कुठल्या थांब्यावर लावायचं ते त्यांनाच ठरवू दिलं. ते कार्ड घेऊन सगळा रस्ता फिरले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकाही खिळ्यावर त्यांनी ते लावलं नाही. सदऱ्याच्या खिशात टाकलं.

मावशी डोळ्याला पट्टी बांधून घरी आली. आल्या आल्या दुसऱ्या डोळ्यानं तिनं पट्टा तपासला. मी सगळं सांगितलं. ऐकून तिनं नाक पुसलं. मग जुनी सवय. "अहो, पण कार्ड बाहेर ठेवायचं नसतं. जागेवर लावा बघू." काकांनी खिशावर हात घट्ट दाबला आणि मान हलवली. खूप वेळ तोंडातल्या तोंडात झटत होते. मग म्हणाले, "पा... पाहा... बाई."

मावशी टेबलाशी गेली. एका डोळ्यानं, वाकडंतिकडं, तिनं नवं कार्ड लिहिलं आणि खिडकीच्या थांब्यावर, दोन कपांच्या शेजारी टांगलं: 'पाहाबाई. पाहा: यांचा खिसा.'

त्यानंतर काका बरीच वर्षं होते. बोलणं पूर्वीसारखं कधीच आलं नाही, पण टिंगल करण्यापुरतं आलं. सदरे बदलायचे, कार्ड या खिशातून त्या खिशात जायचं, कडा मऊ होऊन गेल्या. ते गेले त्या दिवशी मावशीनं ते कार्ड स्वतःच्या हातानं त्यांच्या खिशात नीट सरळ करून ठेवलं आणि वरून बटण लावलं.

पुढे भिंती रंगवायच्या होत्या, म्हणून मी पट्टा काढायला गेले. उशी, गोळी, चहा, चप्पल, एकेक कार्ड उतरवत खिडकीपर्यंत आले आणि 'पाहा: यांचा खिसा' या कार्डाला हात घातला. मावशी खुर्चीतून म्हणाली, "तेवढं राहू दे."

मी म्हटलं, "मावशी, आता याचा काय उपयोग?"

"अगं," ती म्हणाली, "त्यावर लिहिलंय ते अजून बरोबर आहे."