कुंकू नसलेला हातोडा

बडोद्याजवळच्या छाणीतल्या त्या कारखान्याचा विषय निघाला की माझं डोकं अजूनही तापतं. मी तेव्हा बडोद्यात पोलीस निरीक्षक होतो. दसऱ्याला एक तरुण फिटर कारखान्यात मरण पावला. मालकाचा जबाब असा, की पोरगा माळ्यावर चोरी करायला चढला आणि पडला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली.

समोरच्या चहावाल्याने मला हळूच सांगितलं, "साहेब, छोकरो पड्यो नथी. एने मार्यो छे." म्हणजे पोरगा पडला नव्हता, त्याला मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो. पूजेत मांडलेल्या प्रत्येक हत्याराला कुंकू लावलेलं होतं. एकच हातोडा कोरा, कुंकू नसलेला आणि अगदी नवा. मालकाला ठाण्यात आणून विचारलं, "पूजेनंतर हातोडा का बदललात?" आधी तो हसला, मग पाणी मागितलं आणि सगळं सांगून टाकलं. पोरगा जुन्या बडोदा संस्थानच्या शिपायांच्या मराठी घरातला. पूजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, ही त्यांची रीत. मालकाला ऑर्डर पुरी करायची होती. पोरगा नाही म्हणाला आणि मालकाने पूजेतलाच हातोडा उचलून त्याच्या डोक्यात घातला. मग पंचांसमक्ष त्याने कालव्यात फेकलेला तो हातोडा काढून दिला.

कोर्टात पंच फितूर झाले, चहावाल्याला काही आठवेना. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाहीच. आरोपी निर्दोष सुटला.

कोर्टाबाहेर पोराच्या आईने मला गाठलं. "साहेब, केस सरकारच्या नावावर चालली ना? मग हरलं कोण, सरकार की मी? माझं पोरगं चोर ठरलं."

निकालाविरुद्ध अपील करायचं की नाही, हे सरकार ठरवतं. सरकारी वकिलांनी शेरा मारला, अपिलास योग्य नाही. वरिष्ठ म्हणाले, "जवा दो ने, भाई. आपणुं काम पती गयुं."

माझं संपलं नव्हतं. निकाल पुन्हा पुन्हा वाचला. कोऱ्या हातोड्याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. पंचनाम्यात होता, फोटोत होता, निकालात नव्हता. तेवढंच धरून मी वकिलांच्या मताविरुद्ध अपिलाचा प्रस्ताव पाठवला. तो परत आला. मी पुन्हा पाठवला. "तुमची बदली सावली तालुक्याला होईल," असं सुचवण्यात आलं. मी म्हणालो, करा. बदली झाली. सावलीहूनही मी पाठपुरावा सोडला नाही. शेवटी कायदा विभागाने मंजुरी दिली आणि हायकोर्टाने अपील दाखल करून घेतलं.

मालकाला शिक्षा झाली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. अपील सरकारच्या मर्जीवर असतं, हे मला नोकरीभर ऐकवलं गेलं. असेल. पण ती मर्जी आपोआप होत नाही, कुणीतरी खुर्चीतून उठून मागे लागावं लागतं, हे मी या केसमध्ये शिकलो.

पोराच्या आईने फोन केला. माझे आभार मानले नाहीत, मला ते आवडलं. एवढंच म्हणाली, "साहेब, आज त्याचा फोटो आतून काढून बाहेरच्या खोलीत लावला."