गुरुजींनी तपासलेलं पत्रक

आमच्या घरात पुस्तक नव्हतं, पत्रकं होती. वडील गिरणीच्या फाटकावरून ती खिशात घालून आणायचे. मी त्यांवरच वाचायला शिकले. त्यामुळे सत्तरच्या दशकात कॉलेजात गेल्यावर राग आला की मी पत्रक लिहायची.

भवानी पेठेतल्या आमच्या वाचनालयाविरुद्धही लिहिलं. तिथले चिटणीस निवृत्त शिक्षक; सगळी पेठ त्यांना गुरुजी म्हणायची. रोज दुपारी ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, मध्येच तेलुगूत, कानडीत समजावून सांगत. अक्षरओळख नसलेली माणसं बाकांवर बसून ऐकत. माझी आई मात्र बाहेर पायरीवर बसायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. वळलेल्या विड्या संध्याकाळी कारखान्यात पोचवायच्या असत, हात थांबवून चालत नसे. आणि दारावर पाटी होती: तंबाखू आत आणू नये. रस्त्यावरून टांगा गेला की अर्धी बातमी त्याच्याबरोबर जायची. घरी ती मला विचारायची, "मग पुढं काय झालं त्याचं?" मला ठाऊक नसायचं.

"आत जाऊन भांड की," मी म्हणायची.

"भांडत बसले तर ऐकू कधी? पाटीच तशी हाय."

पत्रकात मी विचारलं, पेठेतल्या बायकांना पायरीवर बसवणारं वाचनालय नक्की कुणाचं? गुरुजींना 'पाटीमागे लपलेला माणूस' म्हटलं. कागद छापखान्यात देऊन आले. रागाच्या भरात एक गोष्ट विसरले होते. पेठेतला कुठलाही मजकूर, लग्नपत्रिका असो की संपाची हाक, छापण्याआधी गुरुजी तपासत. छापखान्याचा तो रिवाजच होता.

दुसऱ्या दिवशी प्रूफ हातात आलं ते लाल शाईनं तपासलेलं. माझा एकही शब्द त्यांनी मवाळ केला नव्हता. समासात लिहिलं होतं: 'पाटी मी लावली. पेटत्या विडीने जुने अंक जळाले होते म्हणून. ओढणारा वेगळा आणि वळणारी वेगळी, हे मला सुचले नाही. हेही घालावे.' खाली सही. सहीखाली, 'छापण्यास हरकत नाही.'

"काय करायचं, ताई?" खिळे जुळवणाऱ्यानं विचारलं. "जुळवलेला मजकूर मोडू का?"

मी समासातलं पुन्हा एकदा वाचलं. म्हटलं, "छापा. त्यांचं म्हणणं धरून छापा."

पत्रक वाटलं गेलं. त्याच आठवड्यात गुरुजींनी पाटी बदलली: आत विडी ओढू नये. आई सूप घेऊन आत आली आणि दारालगतच्या बाकावर टेकली, उठवलं तर पटकन निघता यावं अशी.

गुरुजींनी चष्मा पुसला. "काय वाचू बाई, आज?"

"पोरीनं तुमच्यावर लिवलंय म्हणे. मला दावती कुटं. तेच वाचा की."

बाकांवर खसखस पिकली. मी कपाटाआड सरकले. गुरुजींनी कोटाच्या खिशातून पत्रक काढलं आणि वर्गात धडा वाचावा तसं वाचलं. 'पाटीमागे लपलेला माणूस' आला तेव्हाही आवाज खाली गेला नाही. मग तेच तेलुगूत सांगितलं, माझ्यापेक्षा तिखट करून. अगदी तळाचं छापखान्याचं नावसुद्धा सोडलं नाही.

आईनं विडीला दोरा गुंडाळला, वर पाहिलं. "मग पुढं काय झालं त्या माणसाचं?"

"आहे की इथंच," गुरुजी म्हणाले. "उद्याचा पेपर वाचायला येतो म्हणालाय."