दुपारचं पाणी

कालवांच्या हॅचरीत त्यांना सगळे वहिनीच म्हणत. मालक त्यांचा धाकटा दीर. त्याचं ऐकून कामगारांनीही तेच नाव उचललं. नवरा गेल्यापासून त्या तिथंच राबत होत्या. काम ऐकायला सोपं: समुद्राचं पाणी पंपाने टाक्यांत घ्यायचं आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत अशी कालवांची पिल्लं त्यात वाढवायची. पण अलीकडे एक खेप टिकेल तर शपथ. चार दिवस जात नाहीत तोच टाकीच्या तळाशी पांढुरका गाळ, आणि तो खरवडायला पुन्हा वहिनीच.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गाड्या, भट्ट्या, कारखाने जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात, त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा समुद्र मुकाट्याने पोटात घालतो. जो पोटात घालतो त्याच्याच पानात लोक आणखी वाढतात, हे थोरल्या सुनेला वेगळं सांगायला नको. हा वायू विरघळला की पाणी आंबटाकडे झुकतं, आणि पिल्लाला पहिलं कवच बांधणं जड जातं. बराचसा वायू खाली थंड पाण्यात शेकडो वर्षं पडून राहतो. पण वारा एकाच अंगाने सलग वाहिला की ते तळचं पाणी किनाऱ्याशी वर येतं. यंदा वारा हटायचं नाव घेत नव्हता.

त्यावर तोड एकच. दिवसा उन्हात समुद्रातलं गवत आणि शेवाळ थोडा वायू ओढून घेतं, म्हणून पाणी दुपारीच घ्यायचं, त्यात धुण्याचा सोडा कालवायचा. पहाटेचं पाणी सगळ्यांत वाईट.

"वहिनी, ही खेप गेली तर मी कुलूप लावतो," दीर म्हणाला.

"बरं, भावजी," वहिनी म्हणाल्या. त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटलं ते हायसं. धाकटी बहीण कधीची मागे लागली होती, "ताई, पुरे आता, माझ्याकडे ये आणि झोप पोटभर." कुलूप लागलं की जायला कारण मिळणार होतं. आपल्याला असं वाटतं याची त्यांना लाज वाटली, तरी वाटायचं ते वाटलंच.

दुसऱ्या दिवशी त्या पहाटेच आल्या. एका सांध्यातून गळून पिल्लांची टाकी निम्मी झाली होती. आसपास चिटपाखरू नव्हतं. आत्ता हे पहाटेचं पाणी भरलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. टाकी गळली, भरली, झालं. वहिनींनी पंप लावला, तोटीवर हात ठेवला. पाइप घरघरला. पाणी यायच्या आत त्यांनी पंप बंद केला. दया आली म्हणावं तर तसंही नाही. इतकी वर्षं जगवण्यात गेलेल्या हाताला दुसरं काही येत नव्हतं, एवढंच. सांधा कापडाने आवळून त्या दुपारपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

पाचव्या दिवशी दिराने थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि लहान मुलासारखा ओरडला, "जगली, वहिनी! बघा तरी!" वहिनींनी डोळा लावला. अख्खी, गोलसर कवचं तुरुतुरु फिरत होती. त्यांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. खरंच आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचाच त्यांना राग आला. दीर तर पुढच्या खेपेच्या गोष्टी बोलत पार दारापर्यंत पोचला.

वहिनींनी पालथ्या बादलीवर बसून बहिणीला फोन लावला.

"यायचं जमत नाही गं."

"म्हणजे जगली ना? मग रडतेस कशाला?"

"मला वाटत होतं, मरावीत."

बहीण म्हणाली, "ताई, जगली असली तरी ये. दमलीस, एवढं कारण पुरे नाही का?"

असं कारण चालतं, हे वहिनींना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"येईन," त्या म्हणाल्या. "आता ठेवते, दुपार झाली. पाणी घ्यायचंय."